चौकटीवरचं शून्य

जावेच्या अंगावरचं सोनं मालतीबाईंच्या डोळ्यांत कधी खुपलं नाही. सिंधूबाईची पोत त्यांच्या पोतीपेक्षा हलकीच होती. सिंधूबाईचा नवरा लोटू लूम चालवायचा आणि मालतीबाईंचे निंबाभाऊ त्याच खात्यात मास्तर होते. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात, आणि खात्यात मास्तरचा शब्द चालतो. घराचं तर विचारूच नका. सिंधूबाईचं घर म्हणजे एका खोलीवर चढवलेली दुसरी खोली. ह्यांच्या घराला पुढे ऐसपैस ओटा, मागे मोरी, वर गच्ची. एवढं सगळं असून ह्या बाईचं पोट दुखायचं ते खडूच्या तीन आकड्यांवरून.

हे आकडे सिंधूबाईच्या दाराच्या चौकटीवर असायचे. दर गुरुवारी महापालिकेची हर्षदाबेन खांद्याला पिशवी लावून यायची, बॅटरीचा उजेड पाडून घरातली पाण्याची भांडी तपासायची, कुणाला ताप आहे का विचारायची आणि जाताना चौकटीवर तारीख टाकून खाली लिहायची: ५, ४, ०. घरात माणसं पाच, भांडी तपासली चार, अळ्या सापडलेली भांडी शून्य. हा अर्थ सिंधूबाईनेच एकदा समजावला होता, आणि वर म्हणाली होती, "ताई, मनं कायम शून्यच ऱ्हास." परीक्षेत पहिली आल्यासारखं तोंड केलं होतं तिने. मालतीबाईंना ते तोंड दोन दिवस दिसत राहिलं.

आता ही हर्षदाबेन मालतीबाईंकडे का येत नव्हती, तर मध्ये रस्ता होता. डिंडोलीच्या टोकाला एक तीस फुटी रस्ता आहे, त्याच्या एका अंगाला महापालिकेची हद्द संपते आणि दुसऱ्या अंगाला पंचायत सुरू होते. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांनी बरोबरच जागा बघितली. लोटूने हद्दीच्या आतली लहानशी जागा घेतली. पलीकडे त्याच पैशात तिप्पट जागा मिळत होती, ती निंबाभाऊंनी घेतली, आणि खरं सांगायचं तर निंबाभाऊंनी नाही, मालतीबाईंनी घेतली. वास्तूच्या दिवशी सगळ्या भाऊबंदकीत त्या सांगत फिरल्या, "आमले एक रुपया वेरा नही." घरपट्टीला वेरा म्हणायला त्या सुरतेत येऊन शिकल्या होत्या, आणि तो भरायचा नाही ह्याच्यासारखं सुख नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या सुखाला एकेक करून पाय फुटले. सिंधूबाईकडे सकाळी नळ यायचा. ह्यांच्याकडे एक दिवसाआड टँकर, म्हणून जिन्याखाली आणि मोरीत मिळून निळी पिंपं सहा. रस्त्याच्या त्या अंगाला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची, ते गाणं ऐकत ऐकत ह्या अंगाच्या बाया कचरा खाडीच्या कडेला टाकून यायच्या. पंचायतीची म्हणे एक आरोग्याची बाई होती. दोन वर्षांत एकदा आली, ओट्यावरूनच नावं लिहून घेतली, पाणी प्यायली आणि गेली. कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.

आणि महापालिका तरी पहिल्यापासून शहाणी होती का? मालतीबाई लग्न होऊन सुरतेत आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी प्लेग आला होता. तोंडाला ओढणी बांधून, चुलीवरची भाजी तशीच टाकून त्या रात्रीच्या गाडीने गावाकडे पळाल्या होत्या. तेव्हा हे शहर उकिरड्यात बसलेलं होतं. परत आल्या आणि बघतात तो काय, साहेब लोक गटारीच्या कडेला उभे राहून गाळ उपसून घेताहेत. म्हणजे राज्य चालवणाऱ्याने मनावर घेतलं की होतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच जास्त जळफळाट व्हायचा. जे होऊ शकतं ते रस्ता ओलांडून इकडे का येत नाही?

गेल्या वर्षी सिंधूबाईची सून, अक्षयची बायको योगिता बाळंत झाली. दर महिन्याला तपासणी, लोहाच्या गोळ्या, एकदा तारीख चुकली तर हर्षदाबेन दारात हजर. बाळाला लस टोचायचा दिवस जवळ आला की निरोप यायचा. मालतीबाई बाळंतविडा घेऊन गेल्या, तेव्हा सिंधूबाईने त्यांना बाळाच्या आधी बाळाचं कार्ड दाखवलं. मालतीबाईंनी कौतुक केलं. घरी येऊन मात्र त्यांनी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

त्यांचा मुलगा गजेंद्र हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. तिथे धक्क्यावर लागलेल्या जहाजावर त्याला एक श्रीलंकेचा खलाशी भेटला. गजेंद्रने जेवताना सांगितलं, "एवढासा देश त्यांचा, पैसाही बेताचाच, पण मलेरिया पार घालवला. घरात गर्भारशी असली की सरकारी सुईण घरी येते म्हणे."

निंबाभाऊ भाकरी मोडत म्हणाले, "त्याले जहाज कशाले लागस रे? रस्ता ओलांडी जाय, लोटूना घरमा देख."

मालतीबाईंनी ताट सारलं. घरातला माणूसही जावेच्या घराचं उदाहरण देतो म्हणजे काय!

त्यात सून उज्ज्वलाला दिवस गेले. पहिलं नातवंड. मालतीबाईंनी एकच गोष्ट मनात धरली होती: बाळंतपण आपल्या घरी, सुरतेत व्हायचं. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पण योगिताचं इथे झालं, सिंधूबाईच्या मांडीवर नातू खेळला, सगळ्या गल्लीने बघितला. आपलं नातवंड पारोळ्याला जन्मणार आणि आपण फोनवर तोंड बघणार, हे त्यांना सोसवेना. उज्ज्वलालाही गजेंद्रला सोडून जायचं नव्हतं. अडत होतं ते तिच्या आईपाशी.

श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते त्या दिवसांत विहीणबाई आल्या आणि आपल्या भावाकडे उतरल्या. दरवर्षी कानबाईची पूजा थोरल्या घरी, म्हणजे मालतीबाईंकडे असायची. यंदा निंबाभाऊच म्हणाले, इतक्या माणसांना पाणी कुठून आणणार, सिंधूकडे नळ आहे, तिकडे बसवू. थोरलेपणाचा तो मानही रस्ता ओलांडून गेला. मालतीबाई जावेच्या घरी रोट भाजत बसल्या आणि विहीणबाई शेजारी बसून चौकटीवरचे आकडे बघत राहिल्या. त्यांनी सिंधूबाईला अर्थ विचारला. सिंधूबाईने सांगितला, अगदी शून्यासकट.

परतताना विहीणबाई म्हणाल्या, "मालतीबाई, आसं तुमनाकडे शे का? सरकारी बाई येत हुई तर पोर आठे ऱ्हावू द्या. नहीतर मी सोमवारले तिले लई जासू."

मालतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "येस ना. आमनाकडेबी येस."

आता बोलून तर बसल्या. रविवारी विहीणबाई घरी जेवायला येणार होत्या. शनिवारी दुपारी उज्ज्वला झोपलेली बघून मालतीबाईंनी साड्यांवर फॉल लावायच्या पेटीतून खडू काढला, जावेच्या घरून एकदा बघून आल्या आणि पाटावर चढून आपल्या चौकटीवर तारीख टाकली. शाळा त्यांची तिसरीपर्यंत. जे बघून आल्या तेच उतरवलं: ५, ४, ०. शून्य जरा मोठं झालं, पण गोल झालं. खाली उतरून त्यांनी लांबून बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचं पोट शांत झालं.

रविवारी विहीणबाई दारातच थांबल्या. चौकट वाचली. मग बोटांवर मोजलं, निंबाभाऊ, मालतीबाई, जावई, लेक. चार होत होते.

मालतीबाईंना आत्ता उमगलं. जावेच्या घरची पाच माणसं त्यांनी आपल्या दारावर आणून ठेवली होती.

पण विहीणबाईंचे डोळे भरून आले. लेकीच्या पोटाकडे बघत त्या म्हणाल्या, "माय, पोटातलं बाळबी मोजी लिधं त्यास्नी." एवढ्या जपणाऱ्या सरकारच्या हवाली लेक करायला त्यांची काही हरकत उरली नाही. सोमवारच्या गाडीने त्या एकट्याच पारोळ्याला गेल्या. मालतीबाईंनी स्टेशनवर त्यांना शिदोरी दिली, नवी साडी दिली, आणि खरं काय ते सांगायची वेळही तिथेच घालवली.

फसली ती एकटी विहीणबाई असती तर गोष्ट निभावली असती. उज्ज्वला बारावी शिकलेली पोरगी. तिच्या शाळेत आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला शिकवलेलं, सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, उन्हात पालथी घालायची. सासरी आल्यापासून ती दर शनिवारी सहाही पिंपं घासायची. पाणी वाया जातं म्हणून मालतीबाई कुरकुरायच्या, ती ऐकून घ्यायची आणि घासायची. आता सातवा महिना, वाकवत नव्हतं. चौकटीवर शून्य बघून तिने सासूला विचारलं, "आई, जिन्याखालचं पिंपही बघितलं का त्यांनी?"

"बघितलं ना. तू झोपली होतीस." मालतीबाई म्हणाल्या. "आता तू कशाला वाकतेस? येतेच आहे की ती दर आठवड्याला."

उज्ज्वलाने पिंपं घासणं सोडलं. मालतीबाई दर आठवड्याला तारीख बदलत राहिल्या. टँकर आला की वरून पाणी भरायचं, खालचं तसंच.

भादव्यात उज्ज्वलाला थंडी वाजून ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सुई टोचली, हवेचा ताप म्हणाला. ताप उतरला, एक दिवस बरा गेला आणि परत भरला. दोन गोधड्यांखाली पोरगी दात वाजवत थडथड कापत होती. गजेंद्र हजीऱ्याला, निंबाभाऊ खात्यात. मालतीबाई कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या.

"मलेरिया तर नसेल ना ग?" त्यांनी विचारलं.

उज्ज्वला डोळे मिटूनच म्हणाली, "नाही आई. आपल्याकडे शून्य आहे ना. घाबरू नका तुम्ही."

ती सासूची समजूत घालत होती. मालतीबाई उठल्या, बॅटरी घेऊन जिन्याखाली गेल्या आणि त्यांनी पिंपावरची फळी बाजूला केली. पाणी वळवळत होतं. हर्षदाबेन जावेच्या घरी जे शोधायची आणि जे तिला कधी सापडायचं नाही, ते इथे पिंपभर होतं.

त्या दिवशी गुरुवार होता. मालतीबाई डोक्यावर पदर न घेता रस्ता ओलांडून गेल्या. सिंधूबाईच्या दारात हर्षदाबेन चौकटीवर लिहीतच होती. मालतीबाईंनी तिचा खडू धरलेला हात धरला आणि म्हणाल्या, "बेन, माझ्या सुनेला बघा."

हर्षदाबेन भेस्तानची, खानदेशीच, पण सुरतेत जन्मलेली. तिची जीभ अर्धी गुजरातीत चालायची. तिने हातातल्या यादीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "मासी, तो भाग माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "तिकडे कुणी विचारलं तर माझ्यावर येईल."

मालतीबाईंनी हात सोडला नाही. एरवी ह्या बाईने जावेच्या दारात उभं राहून कुणाच्या हातापाया पडायचं म्हणजे मरणच. पण पोरीला सातवा महिना पूर्ण होत होता. "सातवा आहे हो," एवढंच त्या म्हणाल्या. हर्षदाबेनने पिशवी खांद्याला लावली. सिंधूबाई हाताला लागलेलं पीठ न धुताच मागे निघाली.

दारात हर्षदाबेन थबकली. चौकटीवर आठवडाभरापूर्वीची तारीख होती, खाली तीन आकडे.

"आ कोणे लख्युं?" तिने विचारलं. मग मराठीत, "हे कोणी लिहिलं मासी? मी तर इथे कधी आले नाही."

आतून उज्ज्वला ऐकत होती. सिंधूबाई मागे उभी होती. आकडे तिच्या घरचे होते, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

"मी लिहिलं," मालतीबाई म्हणाल्या. सिंधूबाईकडे न बघता त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, "हिच्या दारावर बघून लिहिलं. माझ्या दारावर कुणी लिहीत नव्हतं म्हणून."

हर्षदाबेनने आत जाऊन उज्ज्वलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. पंधरा मिनिटांत पट्टीवर रेघ उमटली. मलेरियाच होता. गर्भारशीला हा ताप अंगावर काढता येत नाही, बाळाला धोका असतो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, असं तिने सांगितलं. मग ती जिन्याखाली गेली आणि एकेक पिंप बॅटरीने बघून आली. सहाच्या सहांत अळ्या होत्या.

रिक्षात बसताना प्रश्न निघाला तो पत्त्याचा. औषधं पुरी होईपर्यंत कुणीतरी घरी येऊन बघायला हवं, परत रक्त तपासायला हवं, आणि हर्षदाबेन तर रस्त्याच्या महापालिकेच्या अंगालाच फिरू शकत होती. सिंधूबाई म्हणाली, "ताई, पोरले मनाकडे ऱ्हावू दे. मी शे ना."

टोमणा नव्हता त्यात. असता तर मालतीबाईंना बरं वाटलं असतं, निदान उलट बोलता आलं असतं.

उज्ज्वला दवाखान्यात चार दिवस होती. बाळाचे ठोके नीट होते. घरी परत यायची वेळ झाली तेव्हा मालतीबाईंनी पिंपं घासून उन्हात मांडली होती, चौकट ओल्या फडक्याने पुसून काढली होती. सासूच्या पाया पडायला वाकता येत नव्हतं म्हणून उज्ज्वलाने हात जोडले आणि शांतपणे सांगितलं, "आई, मी काकूंकडे राहते. तुमच्यावर राग नाही माझा. पण त्या घरात मी शून्य वाचलं आणि निजून राहिले. आता मला तिथे झोप लागणार नाही. त्या चौकटीवर तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहायला येईल, त्या दिवशी येईन."

गजेंद्रने तिची पिशवी काकूंकडे नेऊन ठेवली आणि तो एकटा घरी परतला. विहीणबाईंना उज्ज्वलाने फोनवर काय सांगितलं ते मालतीबाईंना कधी कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

कार्तिकात उज्ज्वला महापालिकेच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, म्हणून हर्षदाबेन आठवड्यातून दोनदा यायला लागली. मालतीबाई रोज डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेक द्यायला निखारे घेऊन रस्ता ओलांडायच्या. नात त्यांच्या मांडीवर यायची, पण ती मांडी जावेच्या चिंचोळ्या ओट्यावर टेकलेली असायची. गल्लीतल्या बाया बाळ बघायला सिंधूबाईकडे यायच्या आणि सिंधूबाईलाच म्हणायच्या, "तुमच्याकडे गोकुळ झालं हो." सिंधूबाई म्हणायची, ही तर ताईची नात. तिने हे सांगावं लागावं ह्याचंही मालतीबाईंना दुखायचं.

दर गुरुवारी त्या आता स्वतःच पिंपं घासायच्या आणि सोमवारी सोमवारी पंचायतीच्या ऑफिसात जाऊन बसायच्या. पहिल्यांदा कारकून म्हणाला अर्ज द्या. मग म्हणाला बाई नेमलेली आहे. मालतीबाई म्हणाल्या, नेमलेली आहे तर दाखवा. वेरा नाही म्हणून अकरा वर्षं ज्यांनी शेखी मिरवली, त्याच आता म्हणत होत्या, काय घ्यायचा तो वेरा घ्या, पण माणूस पाठवा. गल्लीतल्या आणखी दोघीजणी बरोबर यायला लागल्या होत्या. कारकुनाने अजून तरी कुणाला दाखवलं नव्हतं.

नात सव्वा महिन्याची झाली त्या गुरुवारी हर्षदाबेन आली. भांडी बघितली, बाळाचं वजन केलं, कार्डावर लिहिलं. मग चौकटीवरचं जुनं पुसून नवीन लिहिलं: ७, ४, ०.

मालतीबाई ओट्यावर बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्या सातकडे बघून त्यांनी माणसं मोजली. लोटू, सिंधू, अक्षय, योगिता, तिचा मुलगा. आणि वर दोन.

"बेन," त्या म्हणाल्या, "त्या सातांतले दोन माझे आहेत."

हर्षदाबेन खडू पिशवीत टाकत होती. बाई काही कठोर नव्हती. तिने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मासी, राहतात तिथे मोजतो आम्ही."

मालतीबाईंनी नात सिंधूबाईच्या हातात दिली, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून घरी गेल्या. पिंपं घासायचा दिवस होता.